तीस खुर्च्यांसमोर शोपँ

पोलंडमधल्या वॉर्साच्या जुन्या शहरात दिवाणखान्याएवढ्या खोल्यांमध्ये संगीतकार शोपँच्या पियानोरचनांचे छोटे कार्यक्रम होतात. शिकायला आलेल्यांना तिथे अधूनमधून संधी मिळते, तशी मलाही मिळाली. तीस खुर्च्या, जाड पडदे, पहिल्या रांगेतल्या गृहस्थांचा गुडघा माझ्या स्टुलापासून हातभर अंतरावर. परीक्षेत कौतुक झालं होतं म्हणून मी हौसेनं त्याचं जी मायनर बॅलड निवडलं, लांब आणि जोरकस रचना. शेवटच्या वेगवान भागात शिरले आणि समोरच्या आजींनी खुर्ची दोन्ही हातांनी धरून मागे सरकवली. माझ्या फोर्टिसिमोतही, म्हणजे सगळ्यात जोरात वाजवतानाही, मला ती फरशीवर घासलेली ऐकू आली.

त्यामुळे आता नवीन मुलं ‘कार्यक्रमात काय वाजवू?’ असं विचारतात, तेव्हा मी उलट विचारते, किती हळू वाजवता येतं?

पुण्यात ग्रेडच्या परीक्षांची तयारी करताना माझ्या डोक्यात एकच होतं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. इथे शेवटची रांग पाच पावलांवर असते. शोपँचं बहुतेक वाजवणं अशाच खोल्यांतलं. आयुष्यभरात त्याचे जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक झाले. 1831 मध्ये पॅरिसला पोचल्यावर त्याचं पोट भरलं ते मुख्यतः शिकवण्यांवर, एका शिकवणीचे 20 फ्रँक. वाजवायचा तो ओळखीच्यांच्या घरी, आणि त्याचा आवाज बारीक आहे ही कुरकुर तेव्हाही होती. त्याला प्लेयेल कंपनीचे हलक्या हाताचे पियानो आवडत. अंगात जोर नसेल त्या दिवशी एरार या दुसऱ्या कंपनीचा पियानो बरा, कारण तो तयार सूर हाती देतो; तब्येत खुशीत असली की प्लेयेल, कारण त्यावर आपला सूर आपल्याला शोधता येतो, असं तो म्हणायचा.

आपल्या हाती मात्र आजचा दणदणीत पियानो येतो. झाकण छोट्या काठीवर ठेवा, नाहीतर सरळ बंद. ग्रँड पियानोचं डावं पेडल म्हणजे नुसता आवाज कमी करायचं बटण नव्हे. ते दाबलं की हातोड्या किंचित बाजूला सरकतात, तीनऐवजी दोन तारांवर पडतात आणि सुराचा रंगच बदलतो. उजव्या पेडलचं दुखणं वेगळं, ते दाबलं की सूर घुमत राहतात. शोपँच्या काळच्या पियानोचा नाद लवकर विरायचा, त्यामुळे त्यानं लिहिलेल्या पेडलच्या लांब खुणा आज जशाच्या तशा पाळल्या तर सगळं गढूळ होतं. अर्धं पेडल, म्हणजे ते पूर्ण न दाबता अर्धवट दाबणं, शिकून घ्या. मला त्याला चार महिने लागले, आणि ते कानानं शिकले, पायानं नाही.

शोपँचं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांत भावाची रचना, ऑपस (रचनासंच) 9 क्रमांक 2 घ्या. मुखडा दर वेळी नव्या हरकती घेऊन परत येतो. शोपँनं शिष्यांच्या प्रतींवर त्या जागी वेगवेगळ्या हरकती लिहून दिल्या होत्या. बंदिशीवर वाढलेल्या कानाला यात काही नवल वाटत नाही. रुबाटोचं, म्हणजे लय थोडी मागेपुढे करण्याचंही तसंच: डावा हात ठेका सोडत नाही, उजवा लयीशी खेळतो. मी सुरुवातीला दोन्ही हात एकदम रेंगाळू द्यायचे, ते भावपूर्ण वाटायचं. फक्त मला.

बारीकसारीक गोष्टी: पातळ तळव्याचे बूट घाला, पेडलवरचा धप्प आवाज सगळ्यांना ऐकू जातो. बांगडी एकच असली तरी काढा, लाकडाला लागून किणकिणते. सरावाच्या वेळी मैत्रिणीला तीन फुटांवर बसवा आणि तिच्याकडे बघू नका. मानधनात खोलीचं भाडं निघत नाही, हे आत्ताच सांगते. मीही सोबत शिकवण्या घेते.

सुरुवात लहान रचनेनं करा. मी हल्ली ऑपस 17 मधला चौथा माझुर्का (पोलिश नाचाच्या ठेक्यावरची रचना) आधी ठेवते. तो ए मायनरमध्ये आहे, पण शेवट मूळ सुरावर न येता एफच्या कॉर्डवर अधांतरीच विरून जातो. परवा तो संपला तेव्हा कुणालाच टाळी वाजवायची की नाही ते कळेना. मागे कुणीतरी हळूच जाकिटाची चेन ओढली, तीही ऐकू आली. बॅलड त्या दिवशीही होतं. सगळ्यात शेवटी, झाकण बंद करून.