लग्नाच्या शूटचा किट: बॉडी सगळ्यात शेवटी

लग्नाची कामं घ्यायला लागलेली बहुतेक मंडळी आधी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतात, उरल्या पैशांत लेन्स बघतात आणि माईक कुणाचा तरी उसना आणतात. क्रम नेमका उलटा हवा. अंतरपाट खाली गेला की गेला, तो पुन्हा धरायला लावता येत नाही. त्यामुळे त्या अर्ध्या मिनिटात काय काय बिघडू शकतं, तिथून खरेदीची यादी सुरू करा.

मंगलाष्टका संपत आल्या की गर्दी पुढे सरकते आणि तुम्ही जोडप्यापासून जेमतेम दोन मीटरवर उभे असता. तिथून फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४ एमएमच्या लेन्सला साधारण तीन मीटर रुंदी मावते: वधू, वर, पाठीशी दोन्ही मामा आणि मधला अंतरपाट. २८ एमएमला अडीच मीटरच, म्हणजे एक मामा अर्धा कापला जाणार. ५० एमएमला दीड मीटरही नाही. क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४चं काम करायला १६ एमएम लागते. सोबत मिळणारी १८–५५ तिथे कमी पडते. शिवाय ती झूम केली की एफ/५.६वर जाते, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी येतो. हॉलमध्ये एफ/२.८ला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० लागत असेल, तर एफ/५.६ला तोच उजेड मिळवायला १२८०० लागेल आणि शालूची जर दाणेदार दिसेल. म्हणून पहिली लेन्स फुल फ्रेमला २४–७० एफ/२.८, क्रॉपला १६ किंवा १७पासून सुरू होणारी एफ/२.८. दुसरी ८५ एफ/१.८; हळदीला आणि पाठवणीला तीच उपयोगी पडते. ७०–२०० सुरुवातीला भाड्याने आणा.

आता दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम असेल तर शटर १/५० सेकंदावर आणि ५० फ्रेम असेल तर १/१००वर ठेवा. कॅमेरा एनटीएससीवर (६० हर्ट्झच्या देशांच्या व्हिडिओ पद्धतीवर) असेल तर मेन्यूत २५ आणि ५० दिसतच नाहीत. आधी पालवर (५० हर्ट्झच्या पद्धतीवर) न्या. काही बॉडी हे बदलल्यावर कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, म्हणून हा उद्योग घरीच उरका. हॉलवर पोचल्यावर दिव्याकडे कॅमेरा धरून शटर आधी १/१०० आणि मग १/१६० करून स्क्रीनवर काळसर पट्टे येतात का बघा. १/१६०लाच पट्टे आले तर दोष साध्या विजेचा. १/१००लाही दिसले तर डेकोरेशनचे एलईडी वेगळ्या गतीने लुकलुकताहेत. मग शटर थोडं थोडं सरकवत पट्टे थांबतील तो आकडा शोधावा लागतो. फोटोसाठी अशा उजेडात सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंदच ठेवा.

आवाजाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि तक्रारी सगळ्यात जास्त त्याच्याच येतात. गुरुजींच्या उपरण्याला कॉलर माईक लावा, पण रेशीम माईकवर घासणार नाही अशा बेताने. विकत घेताना माईकच्या पिनवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. दोन असतील तर ती कॅमेऱ्याला चालते. तीन असतील तर ती फोनची, कॅमेऱ्यात आवाज बारीक येतो किंवा येतच नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरमधली वायर थेट कॅमेऱ्याच्या माईक इनपुटला खुपसू नका. लाइनचा, म्हणजे मिक्सरमधून येणारा, सिग्नल माईकच्या कितीतरी पट जोरदार असतो, आवाज फाटतो. त्यासाठी लाइन इनपुट असलेला छोटा रेकॉर्डर घ्या. मंत्र चालू असताना मीटरवर रेकॉर्डिंगची लेव्हल -१२ डीबीच्याही खाली ठेवा, कारण शेवटच्या ‘सावधान’नंतर वाजंत्री एकदम सुटते.

एवढं झाल्यावर बॉडी. दोन कार्ड स्लॉट नसतील तर मुख्य कॅमेरा म्हणून घेऊ नका. कॅननची आर८ चांगली फुल फ्रेम आहे, पण स्लॉट एकच आणि बॅटरीही लहान. सोनीची ए७ थ्री २०१८ची, दोन स्लॉटची, आजही भरवशाची. मात्र ४के (जास्त बारकाव्याचा व्हिडिओ) सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच, त्यामुळे ४केमध्ये स्लो मोशन हवं असेल तर तिचा नाद सोडा. दुकानात तीन गोष्टी करून बघा. ४केला फ्रेम कापली जाते का? सलग चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग चालतं, की २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबतं किंवा तापून बंद पडतं? आणि चेहऱ्यासमोर हात हलवल्यावर फोकस हातावर उडी मारतो का? अक्षता पडताना नेमकं हेच होतं. फोकसची संवेदनशीलता सगळ्यात कमी केली की तो चेहऱ्यावर टिकतो.

१०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिटचं) रेकॉर्डिंग तासाला ४५ जीबी खातं. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांचं. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, तुम्ही व्ही३० ही लिहिण्याच्या वेगाची खूण बघा.

सेकंडहँड लेन्स घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती लेन्स परत द्या. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून समोरून फोटो काढा. चारपैकी एकच कोपरा अंधूक आला तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. सेन्सरवरची धूळ एफ/१६ला पांढऱ्या भिंतीवर दिसते, ती साफ होते, तिच्यावरून भाव पाडा. कोकण-गोव्याकडच्या मालाला टॉर्च दोनदा मारा. आणि आपली लेन्स पावसाळ्यात बॅगेत ठेवू नका: घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि चार-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. वर सरकला की जेल बदला.