ठाण्याहून खारघरच्या लॅबला अस्थिमज्जा पाठवताना: दुर्मिळ फ्यूजन निसटू नये म्हणून

अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचा (झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचा) संशय आला की स्टेरॉइडची घाई होते. आधी मज्जा काढा. दोन-तीन दिवसांच्या स्टेरॉइडनेही लिम्फोब्लास्ट (कॅन्सरच्या कोवळ्या पेशी) झपाट्याने घटू शकतात. मग फ्यूजन, म्हणजे तुटून एकमेकांना चिकटलेल्या दोन जीनची जोडी, शोधायचं कशात? थांबणं परवडत नसेल आणि रक्तातच भरपूर ब्लास्ट असतील, तर किमान रक्ताच्या ट्यूब भरून ठेवा. एपीएलचा (अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा) नियम वेगळा: तिथे नुसत्या संशयावर एट्रा हे औषध सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

सुईचा पहिला ओढा पेशींनी सर्वांत दाट. एका दमात दहा मिली ओढलंत तर शेवटी नुसतं रक्त येतं. जांभळ्या बुचाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये २-३ मिली आरएनएसाठी, हिरव्या बुचाच्या सोडियम हेपॅरिनमध्ये २-३ मिली कॅरिओटाइप (गुणसूत्रांचं चित्र) आणि फिश (रंगीत ठिपक्यांनी जीन पाहण्याची तपासणी) यांसाठी. अदलाबदल चालत नाही: हेपॅरिन पीसीआरमध्ये (जीनच्या प्रती वाढवून शोधण्याच्या तपासणीत) खोडा घालतं, ईडीटीएत पेशी कल्चरला नीट वाढत नाहीत. ट्यूब ८-१० वेळा अलगद उलटसुलट करा. गुठळी झाली तर मज्जा परत काढायची, आणि ते पेशंटला सांगायला तुम्हालाच जावं लागतं.

जांभळी ट्यूब २ ते ८ अंशांवर ठेवा. जेलपॅक आणि ट्यूब यांच्यात कागदाची घडी हवी. गोठलं की पेशी फुटतात, आरएनए तुटतो. हिरवी साध्या तापमानाला, पण मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर नव्हे. २४ तासांत पोहोचवा. संध्याकाळी शिळफाट्याच्या कोंडीत गाडी घालण्यापेक्षा ठाणे-पनवेल लोकल बरी. शनिवारी पाठवायची तर लॅबला आधी फोन करा. फॉर्मवर ब्लास्टचं प्रमाण, फ्लो सायटोमेट्रीचं (पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीचं) निदान आणि स्टेरॉइड कधी दिलं ते लिहा.

आता रिपोर्ट. ‘पॅनेल निगेटिव्ह’ म्हणजे फ्यूजन नाही असं नव्हे. ज्या जोड्यांचे प्रायमर (त्या जोडीला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) घातले, त्याच जोड्या आरटी-पीसीआरला दिसतात. एनयूपी९८-एनएसडी१ हे फ्यूजन तर कॅरिओटाइपमध्येही लपतं. ब्रेक-अपार्ट फिशमध्ये शाबूत जीनवर लाल-हिरवा ठिपका एकत्र, पिवळसर दिसतो. जीन तुटलं की दोन रंग लांब जातात. जोडीदार कोण, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी आरएनए सिक्वेन्सिंग.

बी-एएलएलमध्ये (बी पेशींच्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात) स्टेरॉइडला प्रतिसाद नसेल किंवा इंडक्शनअखेर (उपचारांचा पहिला टप्पा संपताना) एमआरडी, म्हणजे उरलेल्या कॅन्सर पेशींचं प्रमाण, ०.०१ टक्क्याहून जास्त असेल, तर एबीएल१, एबीएल२, पीडीजीएफआरबी आणि सीएसएफ१आर या जीनची फ्यूजन तपासायला सांगाच. ईबीएफ१-पीडीजीएफआरबीसारखं फ्यूजन सापडलं तर इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब जोडता येतं. तेच ईटीव्ही६-एनटीआरके३ असेल तर ही औषधं निरुपयोगी, तिथे लॅरोट्रेक्टिनिबचा गट लागतो. एपीएलसारखं दिसूनही एट्राला दाद न देणाऱ्या आजारात झेडबीटीबी१६-आरएआरए शोधा.

बीसीआर-एबीएल१ हे फ्यूजन असलेल्या रुग्णाचा आजार इमॅटिनिबसारखं औषध चालू असताना उलटला, तर फ्यूजनचीच टेस्ट पुन्हा मागवून भागत नाही. ती पॉझिटिव्हच येणार. एबीएल१ किनेज डोमेनचं (औषध जिथे बसतं त्या भागाचं) म्युटेशन वेगळं मागवा: टी३१५आय निघालं तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब तिन्ही बाद, पोनॅटिनिबचा विचार करावा लागतो.