पऱ्हाटी, कपाशी, कापूस: तीन ऑन्टोलॉजी कॅटलॉग एकाच एपीआयखाली कसे आणायचे

शेतात उभी आहे तोवर पऱ्हाटी, कृषी केंद्रात बियाणं मागताना कपाशी, अन् जिनिंगवर गाडी नेली की कापूस. आपल्याले हे बरोबर समजते, कॉम्प्युटरले नाही. म्हणून ऑन्टोलॉजीत, म्हंजे संकल्पना अन् त्यांची नाती कॉम्प्युटरले समजतील अशी मांडलेल्या यादीत, नावाले नाही तर आयआरआयले महत्त्व, म्हंजे त्या संकल्पनेचा कायमचा पत्ता. अमेरिकन कपाशी, गॉसिपियम हिर्सुटम, एनसीबीआय टॅक्सॉन ह्या सजीवांच्या यादीत ३६३५ नंबरवर आहे, मंग तुम्ही तिले काहीही म्हणा.

घोळ पुढंच आहे. हे पत्ते ठेवणारे कॅटलॉग आपसात एका भाषेत बोलत नाहीत. मले ते एकाच एपीआयखाली, म्हंजे प्रोग्रामनं माहिती मागायच्या एकाच दारातून, पाहिजे होते. मी तीन घेतले: युरोपचं ओएलएस (ऑन्टोलॉजी लुकअप सर्व्हिस), फ्रान्समधल्या मॉन्पेलिएचं ॲग्रोपोर्टल, अन् एफएओचं, म्हंजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचं, ॲग्रोव्हॉक हा शेतीचा शब्दसंग्रह, जो स्कॉसमॉस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालते.

आधी कोड लिहायले बसू नका, वहीत लिहा की आपल्याले लागते काय. मले चारच गोष्टी लागल्या: शब्द शोधणे, एका आयआरआयची माहिती, त्याच्या वरची-खालची संकल्पना, अन् कॅटलॉगात कोणकोणत्या ऑन्टोलॉजी आहेत ते. हाच तुमचा सामायिक इंटरफेस, पाचवं फंक्शन घालायचा मोह आवरा.

मंग प्रत्येकाले एक अडॅप्टर, म्हंजे त्याचं उत्तर आपल्या साच्यात बदलणारा कोडचा तुकडा. ओएलएस शोधाचं उत्तर 'रिस्पॉन्स'च्या आत 'डॉक्स'मध्ये देते अन् नाव 'लेबल'मध्ये, ॲग्रोपोर्टल 'कलेक्शन'मध्ये देते अन् तिथं नाव 'प्रेफलेबल', स्कॉसमॉस 'रिझल्ट्स'मध्ये अन् पत्त्याले युआरआय म्हणते, तर हे सगळं अडॅप्टरमध्येच बदलून बाहेर एकच साचा द्यायचा. ॲग्रोपोर्टलले एपीआय की, म्हंजे आपली ओळख पटवणारी किल्ली, लागते. स्कॉसमॉसमध्ये शब्दाच्या शेवटी तारा (*) लावा, नाहीतर पूर्ण नाव जुळलं तरच उत्तर येते. ॲग्रोपोर्टल स्टॅनफर्डच्या बायोपोर्टलच्या कोडवरच उभं आहे, त्यामुळं पत्ता अन् की बदलली की तोच अडॅप्टर तिकडंही चालते, हे फुकटात मिळालं.

माझी अख्खी रात्र गेली ती ओएलएसमध्ये. शोध चाले, पण एका संकल्पनेची माहिती मागितली की ४०४, म्हंजे 'असा पत्ताच नाही'. तिथं आयआरआय दोनदा एन्कोड करा लागते, म्हंजे त्यातली चिन्हं दोनदा कोडात बदला लागते: तिरप्या रेघेचं आधी %२एफ, मंग त्या टक्क्याचंही एन्कोडिंग होऊन %२५२एफ. मी एकदाच करत होतो, अन् त्यात मधी लाइन गेली ते वेगळंच.

आता जुळवाजुळव. नाव सारखं दिसलं म्हणून दोन नोंदी एक करू नका, ज्याचा धागा निघते तो कापूस अन् रानातलं झाड ह्या वेगळ्या संकल्पना आहेत. स्कॉसमध्ये, म्हंजे असे शब्दसंग्रह लिहायच्या प्रमाण पद्धतीत, एक्झॅक्ट मॅच (दोन्ही एकच) पुढं पुढं पसरते: अ बरोबर ब, ब बरोबर क, तर अ बरोबर कसुद्धा, म्हंजे एक चूक सगळीकडं जाते. शंका असली तर क्लोज मॅच (जवळपास सारखं) लावा, तो तसा पसरत नाही.

अन् एखादा कॅटलॉग बंद असला तर रिकामी यादी पाठवू नका. 'सापडलं नाही' अन् 'उत्तरच आलं नाही' हे वेगळं दाखवा. इकडं नेटवर्क जसं आहे तसं, दुसरंच जास्त दिसणार, म्हणून जुनं उत्तर ऑन्टोलॉजीच्या व्हर्जनसकट कॅशमध्ये, म्हंजे आपल्याजवळच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवा.