व्हीलॅनच्या कामाला हात घालण्याआधी: छोट्या ऑफिसच्या फायरवॉलची तयारी

फायरवॉल म्हणजे ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून काय सोडायचं, काय अडवायचं ते ठरवणारं उपकरण. व्हीलॅन म्हणजे त्याच केबलींवर सेटिंगने पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग. पहिलं काम कागदावर. फायरवॉलचे सगळे पोर्ट एका ओळीत काढा आणि प्रत्येकाखाली आज तिथे काय लावलंय ते लिहा. आठवणीतून लिहू नका. उठा, केबल हातात धरा आणि दुसऱ्या टोकापर्यंत माग काढा. 'तो पोर्ट रिकामाच आहे' असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं आणि नेमकं त्याच केबलवर हजेरीचं मशीन निघतं. टेबलाखाली पडलेले साधे स्विचही याच फेरीत टिपा. ज्याला सेटिंगच नाही अशा स्विचमागची सगळी उपकरणं एकाच व्हीलॅनमध्ये जाणार, हे आधीच गृहीत धरा.

मग कोणाला कोणापासून वेगळं ठेवायचं ते ठरवा. कामाचे कॉम्प्युटर, फोन, पाहुण्यांचं वाय-फाय, कॅमेरे आणि प्रिंटर, शिवाय उपकरणं सांभाळायला एक व्यवस्थापनाचा व्हीलॅन. एवढ्यात बहुतेक छोट्या ऑफिसांचं भागतं. जिथे नियम वेगळे लागणार नाहीत तिथे वेगळा व्हीलॅन काढू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक नव्या व्हीलॅनमागे एक सबनेट (आयपी पत्त्यांचा वेगळा गट), एक डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ता देणारी सेवा) आणि नियमांचा एक पूर्ण संच येतो आणि तो सगळा पुढे कुणाला तरी सांभाळावा लागतो.

व्हीलॅनला १ ते ४०९४ यांतला कुठलाही आकडा देता येतो, पण १ बहुतेक उपकरणांवर मुळातच लागलेला असतो, म्हणून तो सोडा. १०, २०, ३० असे आकडे घ्या आणि तेच आयपी पत्त्यातही वापरा: व्हीलॅन २० म्हणजे १९२.१६८.२०.०/२४. रात्री अकराला फोनवर कुणी पत्ता वाचून दाखवला, तर उपकरण कुठे बसलंय ते तिथेच कळतं. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० मात्र टाळा. घरोघरीच्या राउटरवर सहसा हेच पत्ते असतात, त्यामुळे घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येणाऱ्या सुरक्षित वाटेने, जोडणाऱ्याचे घरचे आणि ऑफिसचे पत्ते एकमेकांवर आदळतात.

आता फायरवॉलचं मॅन्युअल उघडा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. काही मॉडेलमध्ये प्रत्येक पोर्ट हा खराखुरा स्वतंत्र इंटरफेस असतो. काहींत चार-आठ पोर्ट आतल्या एका स्विच चिपवर बसवलेले असतात आणि ती चिप मुख्य प्रोसेसरला एकाच आतल्या दुव्याने जोडलेली असते. दुसऱ्या प्रकारात स्विचवरचा व्हीलॅन मोड चालू करावा लागतो आणि तो आतला दुवासुद्धा प्रत्येक व्हीलॅनमध्ये टॅग्ड सदस्य म्हणून (डेटावर व्हीलॅनच्या आकड्याची चिठ्ठी, म्हणजे टॅग, लावून पाठवणारा) घालावा लागतो. तो राहिला, तर सेटिंग पाहताना सगळं बरोबर वाटतं, पण फायरवॉलपर्यंत एकही पॅकेट पोचत नाही.

प्रत्येक पोर्टसमोर आता दोन गोष्टी लिहा. ज्याला एकच कॉम्प्युटर किंवा प्रिंटर लागणार, तो एका व्हीलॅनचा अनटॅग्ड सदस्य आणि त्याचा पीव्हीआयडी (बिनटॅगचा आलेला डेटा कुठल्या व्हीलॅनचा धरायचा तो आकडा) त्याच आकड्याचा. ज्यावर दुसरा स्विच किंवा अनेक वाय-फाय नावं देणारा अॅक्सेस पॉइंट आहे, तो ट्रंक, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट. तिथे कुठले व्हीलॅन टॅग्ड जाणार ते नेमकं लिहा आणि समोरच्या टोकालाही हुबेहूब तेच ठेवा. सदस्यत्व बदललं आणि पीव्हीआयडी जुनाच राहिला, ही चूक सर्रास होते. पोर्टमधून बाहेर जाणाऱ्या फ्रेमला (डेटाच्या तुकड्याला) सदस्यत्व लागू होतं, आत येणाऱ्या बिनटॅगच्या फ्रेमला पीव्हीआयडी. दोन्ही जुळलेच पाहिजेत.

एक पोर्ट स्वतःसाठी राखून ठेवा आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. मी एकदा ज्या पोर्टवर लॅपटॉप लावला होता त्याचाच पीव्हीआयडी बदलला. सेव्ह दाबलं, पान फिरत राहिलं, आणि ते पुन्हा उघडलंच नाही. कन्सोल केबल (नेटवर्क बंद पडलं तरी थेट फायरवॉलमध्ये लॉगिन करायची केबल) बॅगेत होती, पण तिचा ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये नव्हता आणि तो उतरवून घ्यायला इंटरनेटही उरलं नव्हतं. म्हणून केबल आदल्या दिवशीच लावून लॉगिन होतंय का ते पाहा, कन्सोलचा वेग लिहून ठेवा आणि चालू सेटिंगचा बॅकअप लॅपटॉपवर घ्या.

ज्यांना हाताने पत्ता दिलाय त्या उपकरणांची यादी वेगळी करा. बहुधा प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. ती आपणहून नवा पत्ता घेणार नाहीत. प्रिंटरचं अजून एक दुखणं आहे. फोन आणि लॅपटॉप त्याला एमडीएनएसने, म्हणजे आपल्याच नेटवर्कमधल्या सगळ्यांना हाक मारून, शोधतात आणि ती हाक व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. ती हाक पलीकडे पोचवणारा रिपीटर चालू करा, नाहीतर प्रिंटर आयपी पत्त्याने जोडा.

नियमही आधी कागदावरच. नियम सहसा वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला जुळतो तोच लागू होतो, म्हणून पाहुण्यांसाठी क्रम असा: फायरवॉलकडून डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) आणि डीएचसीपी चालू, फायरवॉलच्या बाकी सगळ्या सेवा आणि सगळे खासगी (आतल्या नेटवर्कचे) पत्ते बंद, मग उरलेलं इंटरनेट चालू. पाहुण्यांच्या वाय-फायवरून फायरवॉलचं लॉगिन पान उघडत नाही ना, हे स्वतः करून पाहा.

प्रत्यक्ष बदल एकेका पोर्टचा करा आणि दर वेळी लॅपटॉप लावून पत्ता बघा. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता आला तर डीएचसीपीचं उत्तर मिळालेलं नाही. भलत्याच सबनेटचा आला तर पीव्हीआयडी तपासा. टेबलाखालच्या स्विचमागच्या कॉम्प्युटरला आपली लाइन बदलल्याचं कळत नाही, तो जुनाच पत्ता धरून बसतो. त्याची केबल काढून परत लावा.

सगळं जुळलं की दुसरा बॅकअप घ्या, त्याच्या नावात तारीख घाला, आणि पोर्टचा तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताना तिथे हजर राहा: एक प्रिंट, एक फोन, एक कॅमेरा.