गोव्याच्या पावसाळ्यात पाइपची तंबाखू वाळवण्याची तयारी

पाइपची तंबाखू डब्यातून काढावी, कागदावर पसरावी आणि अर्ध्या तासाने भरावी, हा सल्ला कोरड्या हवेच्या देशांत बरोबर ठरतो. फोंड्यात जुलै महिन्यात तो उलटा पडतो. तंबाखू हवेतली ओल घेते आणि सोडते, आणि ज्या हवेत ती ठेवली असेल त्या हवेशी तिची ओल हळूहळू जुळत जाते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्के असेल तर तंबाखू साधारण १२ ते १४ टक्के ओलीवर स्थिरावते, आणि पाइप ओढणाऱ्या बहुतेकांना तेवढीच ओल मानवते. आपल्याकडे मृग लागल्यापासून चतुर्थीपर्यंत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास राहते, त्यामुळे उघडा पापड सादळतो तशी तंबाखूही सादळते. एका जुलैत मी दहा ग्रॅम तंबाखू रात्रभर बाल्कनीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवली होती. सकाळी तिचे वजन वाढलेले निघाले, आणि छपाईच्या शाईचा वास लागला तो वेगळाच.

म्हणून तयारीची सुरुवात जागेपासून करावी. घरात एसी असेल तर त्या खोलीची दारे-खिडक्या लावून तो तासभर आधी चालू करावा आणि लहानसा आर्द्रतामापक टेबलावर ठेवून काटा ६०च्या खाली उतरल्याची खात्री करावी. नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये, कारण पंखा हवा हलवतो, तिच्यातले पाणी काढून घेत नाही. एसी नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल (पावसाळ्यात तो कोणी धरावा?) तर घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, त्यांवर जाळी आणि जाळीवर कोऱ्या कागदात पसरलेली तंबाखू अशी रचना करावी. निळ्या रंगाचे जेल घेऊ नये, त्यात बहुधा कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असते. ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. मात्र बंद डब्यातली हवा फार कोरडी होत असल्याने दर वीस मिनिटांनी झाकण उघडून पाहावे लागते. मायक्रोवेव्ह आणि तापलेला तवा दोन्ही टाळावेत, कारण त्यांत पाण्याबरोबर सुवासही उडून जातो.

जागा ठरवताना स्वयंपाकघर वगळावे. तंबाखू ओलीसारखाच वासही धरते, आणि शेजारच्या फळीवर सुके बांगडे असतील किंवा देवघरात धूप जळत असेल तर तो वास पहिल्याच झुरक्यात जाणवतो. लहान मुले आणि घरातली कुत्री-मांजरे यांचा हात वा तोंड पोहोचणार नाही अशी उंच जागा निवडावी. पसरलेल्या पानात निकोटिन असते आणि ते पोटात गेले तर विषबाधा होते. वाळवलेल्या तंबाखूचा धूर जिभेला सौम्य लागतो, त्याचा अपाय मात्र तेवढाच राहतो, हेही इथेच नोंदवतो.

त्यानंतर खिशात मावणारा सोनारी वजनकाटा जवळ ठेवावा. समजा १० ग्रॅम तंबाखूत २० टक्के पाणी आहे, म्हणजे कोरडा भाग ८ ग्रॅम. ती १३ टक्क्यांवर आणायची तर वजन सुमारे ९.२ ग्रॅमपर्यंत उतरले पाहिजे. एवढ्या ०.८ ग्रॅम पाण्यावर सारे अवलंबून असते, कारण ते आत राहिले तर विस्तवाची उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते, पाइप पुन्हा पुन्हा विझतो, नळीत गुडगुड होते आणि गरम वाफेने जीभ पोळते.

पाने कशी कापलेली आहेत, तेही आधी पाहावे. दाबलेल्या चपट्या पट्ट्या असतील तर त्या बोटांनी चोळून मोकळ्या केल्याखेरीज आतपर्यंत वाळत नाहीत. बारीक धाग्यांसारखी कापलेली लवकर वाळते. सुगंधी मिश्रणांत बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल असते, ते पाणी धरून ठेवते, म्हणून अशी तंबाखू हाताला चिकट लागली तरी ती कोरडीठाक होण्याची वाट पाहू नये.

शेवटची पारख बोटांची. अंगठा आणि तर्जनी यांत एक चिमूट घेऊन दाबावी आणि सोडावी. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. दाबताच भुगा झाला तर जास्त वाळली आहे. धागे दबून, बोटे सैल होताच सावकाश उलगडत पूर्ववत झाले, आणि चिमूट कानाशी नेल्यावर सुक्या पानासारखी अगदी बारीक कुरकुर ऐकू आली, तर ती भरण्याजोगी झाली. जास्त वाळलेल्या तंबाखूवर पाणी शिंपडू नये, बटाट्याची वा सफरचंदाची फोडही डब्यात ठेवू नये, कारण त्याने बुरशी येते. पावसाळ्यात खिडकीपाशी थोडा वेळ उघडी ठेवली तरी ती मऊ होते.

पाइपही कोरडा असावा. काल ओढलेला पाइप आज भरू नये. नळी वेगळी करून, आत सफाईची काडी फिरवून तो दोन दिवस उघड्या फळीवर ठेवावा, बंद पाकिटात त्याला बुरशी धरते.

एका वेळेस लागेल तेवढीच, म्हणजे दोन-तीन ग्रॅम, बाहेर काढावी आणि उरलेली लगेच काचेच्या बरणीत घट्ट बंद करावी. बरणीवर चिठ्ठी चिकटवून तंबाखूचे नाव, सुरुवातीचे वजन, उतरलेले वजन आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा, म्हणजे त्याच तंबाखूसाठी पुढच्या वेळी डबा किती मिनिटांनी उघडायचा ते आधीच ठाऊक असते.