स्पेक्ट्रमचा प्रोग्राम कॅसेटवर कसा उतरवावा

वीज गेली की स्पेक्ट्रमच्या मेमरीतलं सगळं पुसलं जातं. १९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअरनं हा काँप्युटर आणला, तेव्हा प्रोग्राम साठवायला घरातला टेपरेकॉर्डरच कामाला लावला. भारतात १९८८ मध्ये परवान्यानं निघालेल्या ‘डीबी स्पेक्ट्रम’चीही तीच तऱ्हा. माळ्यावर एखादा सापडला असेल, तर सोबत एका स्पीकरचा साधा टेपही शोधा; भारी स्टिरिओ डेक इथे उगाच नखरे करतो.

कॅसेटच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर काहीच उमटत नाही. ती आधी पुढे सरकवा. काँप्युटरच्या मागे ‘इअर’ आणि ‘माइक’ अशी दोन भोकं आहेत. साठवताना फक्त माइकची वायर जोडा. दोन्ही जोडल्या तर काही टेपवर आवाज फिरून परत येतो आणि रेकॉर्डिंग बिघडतं.

आता एसची कळ दाबा, ‘सेव्ह’ हा अख्खा शब्द उमटेल. पुढे अवतरणचिन्हांत नाव द्या, दहा अक्षरांपर्यंत. एंटर दाबलं की टेप सुरू करायला सांगितलं जाईल. रेकॉर्ड सुरू करा, मग कुठलीही कळ दाबा. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे दिसतील, ती नुसती सुरुवातीची शिट्टी. निळे-पिवळे आले की माहिती जाऊ लागली. १ चा ठोका ० च्या दुप्पट लांबीचा, एवढीच काय ती लिपी! सेकंदाला साधारण दीड हजार बिट (असे १ किंवा ०), म्हणजे ४८ के (किलोबाइट) मेमरी भरायला साडेचार-पाच मिनिटं.

लगेच काँप्युटर बंद करू नका. टेप मागे घ्या, आता इअरची वायर जोडा, ‘व्हेरिफाय’ देऊन टेप वाजवा. ‘ओके’ आलं तरच जिंकलात. ‘आर टेप लोडिंग एरर’ आलं तर आवाज पाऊणपर्यंत न्या, ट्रेबल पूर्ण वाढवा, पुन्हा बघा. तरीही नाही जमलं तर सरळ पुन्हा सेव्ह करा. प्रोग्राम अजून मेमरीत शाबूत आहे.

पुढे कधी परत चढवायचा असेल तेव्हा ‘लोड’ आणि रिकामी अवतरणचिन्हं पुरतात. दुसऱ्याच्या टेपवर भरलेली कॅसेट मात्र अडून बसते, कारण हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळत नाही. वायर काढून ती शिट्टी कानानं ऐका आणि हेडशेजारचा स्क्रू बारीक पेचकसानं केसभर फिरवत जा. आवाज बोथट असेल तर कोन चुकलाय. कानाला टोचेल इतका धारदार झाला की थांबा. स्क्रूची मूळ जागा आधी पेननं खुणावून ठेवा, नाहीतर तुमच्याच कॅसेटी रुसतील.

शेवटी कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा कान मोडा, म्हणजे कुणी चुकून त्यावर गाणी भरणार नाही. मन बदललं तर भोकावर चिकटपट्टी लावली की झालं.