लिलावात भांडं आधी उलटं करा

जुनं चिनीमातीचं भांडं आवडलं की नजर नक्षीवर खिळते. लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात त्या पूर्वपाहणीच्या दिवशी ते दोन्ही हातांनी उचलून आधी तळ पाहा. तळकडीवर, म्हणजे भांडं ज्यावर टेकतं त्या कडेवर, झिलई नसते, म्हणून मूळ मातीचा रंग आणि वर्षानुवर्षांची झीज तिथेच दिसते. ही झीज वेडीवाकडी असते. एकाच दिशेचे सारखे ओरखडे दिसले तर ते मुद्दाम पाडलेत अशी मला शंका येते.

तळावरच्या शिक्क्यावर फार विसंबू नका. चीनच्या कांगशी सम्राटाच्या काळातल्या (१६६२–१७२२) कित्येक भांड्यांवर त्याआधीच्या मिंग राजवटीतल्या चंगह्वा सम्राटाची मुद्रा आढळते. स्टुडिओ पॉटरीत, म्हणजे कलाकार-कुंभारांनी आपल्या कार्यशाळेत घडवलेल्या भांड्यांत, शिक्क्याला जास्त वजन आहे: ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्या स्वतःच्या कामावर सहसा त्यांची आद्याक्षरं आणि इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जच्या त्यांच्या कार्यशाळेची खूण, दोन्ही असतात. नुसती कार्यशाळेची खूण असेल तर हात दुसऱ्या कुंभाराचा असू शकतो, आणि किंमत बरीच उतरते.

अंधारात अतिनील टॉर्च मारा. बऱ्याच जुन्या डागडुज्या वेगळ्या चमकतात. लिलावगृहाच्या स्थिती-अहवालात तड्याचा उल्लेख नाही म्हणजे तडा नाहीच असं धरू नका, लेखी विचारा.

बोलीची मर्यादा ठरवताना लिलावगृह बोलीच्या रकमेवर वरून घेतं ते खरेदीदार-शुल्क आणि पाठवणीचा खर्च आधीच वजा करा.